एका ओळीत नव्वदीपुढचे सगळे

बाबा, देवदर्शनाला येणाऱ्या तुमच्या यजमानांच्या वह्या मी कॉम्प्युटरवर चढवल्या. घराण्यागणिक एक फाइल, नावापुढं जन्मसाल. तुम्ही असता तर आधी पडद्याच्या मागं जाऊन बघितलं असतं, कोण बसलंय म्हणून. माझंही तसंच आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की हजारभर फायलींतलं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं आणि यंत्र 'झालं' एवढंसुद्धा म्हणत नाही. गप राहून उरकणाऱ्याचं काम दोनदा बघावं, असं तुम्हीच म्हणायचात.

लई संशयी होतात तुम्ही. मी बारा वर्षांचा असताना शेजारच्या लॉजवाल्याचं ऐकून ईट गावच्या एका यजमानाच्या नावाआधी 'कै.' लिहिलं, तेव्हा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडलात, "घरच्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याबिगर कुणाला मारायचं न्हाय! कळलं का?" आणि ब्लेडनं ते अक्षर खरवडून काढायला लावलंत. कागदाला तिथं अजून भोक आहे.

तरी परवा मला अवदसा आठवली. नव्वदी ओलांडलेल्या सगळ्यांच्या नावाआधी 'कै.' लाव, असा एका ओळीचा हुकूम सोडला. पाच-दहा फायली उघडून बघितल्या, ठीक वाटल्या, पण मनात पाल चुकचुकत होती. सकाळी सोनारी गावचं कुटुंब दर्शनाला आलं. रिवाजाप्रमाणं मी त्यांच्या घराण्याची नावं मोठ्यानं वाचतोय, तेवढ्यात लेकाचा दंड धरून बसलेली म्हातारी म्हणते, "आवं म्हाराज, म्या जित्ती हाय की! तुमच्या वडलांनी कवा मारलं न्हाय मला." सगळे हसले. लेक हसला नाही. "मग बाकीचं तरी खरं हाय का हो?" म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमच्यावर गेलोय म्हणून सगळ्या फायलींची नक्कल आधीच काढून ठेवली होती. ती परत आणली. मग त्या हुकमानं कुणाकुणाला मारलं होतं ते एकेक ताडून बघितलं. त्यात तुम्ही होतात, आपल्याच घराण्याच्या फाइलीत.

नकलेत तुमच्या नावाआधी काही नाही. वहीतही नाही. दरवर्षी तुमचं श्राद्ध घालतो, कावळ्याला पान ठेवतो. हे पत्र कुठं धाडायचं नाही म्हणून सांगतो, बाबा: घरचा माणूस मीच, आणि मी अजून तोंडानं सांगितलेलं नाही.