खांबातली तार

मामाजी,

दुपारचे तीन वाजलेत, दुकानात गिऱ्हाईक नाही आणि गुडघे ठणकतायत, म्हणून खुर्चीत बसून हे लिहिते आहे. तुम्ही होतात तेव्हा सुनेनं सासऱ्याशी बोलावं तेवढंच मी तुमच्याशी बोलले. त्याहून जास्त जे बोलले ते लाल तार कुठली, काळी कुठली आणि फ्यूज किती ॲम्पिअरचा, एवढंच. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आपल्या वायरिंगच्या टपरीच्या जागी आता शटरचं दुकान आहे, हिंगणघाटातून जाणारा रस्ता चौपदरी झाला, आणि गाड्यांमध्ये आता गाण्यांचा टेप नाही, कॅमेरे बसवतात. समोरच्या काचेवर, आरशामागे, काडेपेटीएवढा कॅमेरा. टक्कर झाली तर चूक कोणाची हे त्यात दिसतं. तुमच्या काळात ते आरडाओरडा करून ठरायचं.

हे काम मी कुठे शिकले असं कोणी विचारलं की मी सांगते, सैपाकघरात. लोक हसतात. पण तुम्हाला आठवत असेल, टपरीत धूळ फार यायची म्हणून जीपची अख्खी वायरिंग तुम्ही घरी आणून सैपाकघराच्या फरशीवर पसरायचात आणि सासूबाई ओरडायच्या, "सैपाकघरात तारा काऊन आणता? भाकरी कुठं थापू मी?" लग्नाला दोन महिने झाले होते. तुम्ही मला एक टोक धरायला सांगितलंत. नंतर तुम्ही पाणी प्यायला उठलात तेव्हा मी नुसतं बसून काय करायचं म्हणून तारांवर हातभर चिकट टेप गुंडाळून टाकली. तुम्ही परत आलात, खाली बसलात, बोटानं ती टेप चाचपलीत. "हे कोणं केलं?" मी घाबरले. "मी." तुम्ही सासूबाईंकडे पाहून म्हणालात, "हिचा हात पाह्य. माह्या पोराले दहा वर्षांत नाई जमलं."

ह्यांना ते अजून लागतं. पण ह्यांना तारांचा कंटाळाच होता, ते कापसाच्या जिनिंगमध्ये लागले ते बरंच झालं. दुकानात तुमच्या मागे मी उभी राहिले. सुरुवातीला लोक गंमत बघायला यायचे. तारेत करंट आहे का ते बघायला तुम्ही मला टेस्ट लॅम्प करून दिलात, इंडिकेटरचा जुना बल्ब आणि लाकडी मूठ, मुठीला लाल टेप. लग्नातल्या साड्या केव्हाच विरल्या, तो दिवा अजून पेटतो. आणि एकच गोष्ट तुम्ही हजारदा सांगितलीत. "बाई, तार गिऱ्हाइकाले दिसली नाई पाह्यजे. पण उद्या दुसऱ्या मिस्त्रीनं खोललं तं त्याले सापडली पाह्यजे." पहिलं वाक्य मी पक्कं धरलं. दुसऱ्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण शाबासकी पहिल्यासाठीच मिळायची.

काळीपिवळीचा तो दिवसही तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत, म्हणून मीच काढते. वर्ध्याला सवारी नेणारी ती जीप होती, तिच्यात गाण्यांचा टेप आणि आतला दिवा मी बसवला होता. घरून निरोप आला होता की पोरगी रडून राह्यली, म्हणून शेवटचा जोड मी नुसता पिळला आणि टेप मारली. सोल्डर केलाच नाही. आठवड्यानं ड्रायव्हर आला तो शिव्या देतच. भर रस्त्यात डॅशबोर्डातून धूर निघाला होता, बाया पोरं घेऊन उड्या टाकून उतरल्या होत्या. चहाच्या टपरीवरची सगळी माणसं गोळा झाली. मी हातात पक्कड घेऊन उभी. तुम्ही डॅशबोर्ड खोललात, तो जोड पाहिलात. माझी टेप डावीकडून गुंडाळलेली असते, तुमची उजवीकडून, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "माह्याच हातानं राह्यलं, भाऊ. माफ कर. फुकट करून देतो."

"बुढाऊ," तो म्हणाला, "नजर गेली आता तुमची. घरी बसा."

आणि तुम्ही हसलात. ज्या माणसाला डॅशबोर्डाखालच्या अंधुक उजेडात दहा तारांतून फिकट हिरवी आणि फिकट निळी वेगळी सांगता येत होती तो माणूस मान खाली घालून हसला. घरी आल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "सोल्डर नव्हता, बाई." मी ताट वाढलं, वरण जास्त वाढलं. त्यानंतर बुढाऊची नजर गेली ही गोष्ट गावभर झाली. तुमचे जुने ड्रायव्हर दुसरीकडे जायला लागले आणि तुम्ही पुढची खुर्ची सोडून आत स्टुलावर बसायला लागलात. मी तेव्हाही काही बोलले नाही. मनात म्हणायचे, सांगू कधीतरी. मग तुम्ही आजारी पडलात.

आता यंदाचं सांगते. कॅमेऱ्याची तार ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी असलेल्या फ्यूज बॉक्समधून निघते, काचेच्या कडेच्या खांबातून वर जाते आणि छताच्या अस्तरातून आरशापर्यंत. खांबाचं कव्हर मी काढत नाही. प्लास्टिकच्या पट्टीनं फट उघडायची आणि बोटानं तार आत सारायची, वीस मिनिटांचं काम. माझ्या हाताला त्याची इतकी सवय झाली आहे की मी तेव्हा खांबाकडे बघतसुद्धा नाही. नव्या गाड्या यायला लागल्यावर खांबात बोटाला काहीतरी मऊ लागायला लागलं. मला वाटलं, आवाज येऊ नये म्हणून कंपनीनं फोम भरला असेल. बरंच झालं, म्हटलं, तार वाजणार नाही. खांबावर बारीक अक्षरांत एअरबॅग लिहिलेलं असतं. गाडीत शिरताना ते मी रोज वाचत होते, पण बोटाला मऊ लागतं ते तेच असेल हे कधी डोक्यात आलं नाही.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात गाड्यांच्या काचा-पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटिंगवाल्यानं बोलावलं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीची समोरची काच दगडानं फुटली होती, ती बदलायला त्यानं खांबाचं कव्हर काढून ठेवलं होतं. मला बघून म्हणाला, "वहिनी, तार पाहूनच समजलं, हे तुमचंच काम. इतकं साफ कोणी करत नाई." मी वाकून पाहिलं. पांढऱ्या कापडाची लांब गुंडाळी खांबातून वर गेलेली, आणि तिच्या अंगावरून, अगदी सरळ, माझी तार. "हे पांढरं काय आहे?" मी विचारलं. "एअरबॅग नाई का? नव्या गाड्याईत खांबातबी देऊन राह्यले." टक्कर झाली की ती पिशवी क्षणात बाहेर फुगते आणि डोकं काचेवर आपटू देत नाही. तिच्या वाटेत मी तार आडवी टाकली होती. माझ्या तारेनं ती अडली असती, वेडीवाकडी फुगली असती, किंवा तार तोंडावर बसली असती. तार गुंडाळीच्या मागून न्यायची असते, कव्हर काढून. त्याला जास्तीची पंधरा मिनिटं लागतात.

मी प्रत्येक कामाचा फोटो काढून ठेवते. चहा न पिता घरी आले आणि फोटो बघत बसले. तशा नव्या गाड्या चौदा निघाल्या. हे म्हणाले, "कोणाले समजते? कॅमेरे चालून राह्यले ना? मग गप राह्य." ह्यांचंही चुकत नव्हतं. माझं नाव आहे ते साफ कामाचं, दुसरं आहे काय माझ्याजवळ? आणि ते काम इतकं साफ होतं की कोणाला कधी कळलंच नसतं, टक्कर होईपर्यंत.

पहिल्यांदा देवळीच्या कापडवाल्या शेठकडे गेले, कारण ते दर रविवारी नातींना घेऊन वर्ध्याला जातात. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. मी सगळं सांगितलं, गाडी आत्ताच खोलून देते म्हटलं. त्यांचा आवाज चढला. "म्हणजे तीन महिने माह्या नाती मौतीजवळ बसवून ठेवल्या तुम्ही? कोणं शिकवलं तुम्हाले हे काम?" सगळे माझ्याकडे बघत होते. माझं वय बावन्न आहे, मामाजी. सून येईल आता माझ्या घरात. आणि मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "सासऱ्यांनी असंच शिकवलं होतं जी. तेच करत आली."

तुम्ही गेलात तेव्हा खांबात एअरबॅग असलेली गाडी हिंगणघाटात कोणी पाहिलीसुद्धा नव्हती. शेठच्या ते ध्यानात आलं नाही. ते एकदम निवळले. "हो, बुढाऊची नजर शेवटी गेलतीच म्हणते. आता मेल्या माणसाले काय म्हणाव. या, करून टाका."

मी मान हलवली. गाडी सावलीत घेतली, कव्हर काढलं, तार मागून नेली, दर वितीवर बांधली. इतकं चांगलं काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. शेठनी चहा पाजला, तो मी प्यायले.

बाकीच्या तेराही गाड्या झाल्या. महिना गेला त्यात. कोणी हसलं, कोणी नको नको ते बोललं, एकानं कॅमेराच काढून नेला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. तेरा जणांना मी माझीच चूक म्हणून सांगितलं. पहिल्या वेळी जीभ जड झाली, नंतर नाही. डॅशबोर्डाखाली आडवं होऊन मान वाकडी करायची, उठताना दाराला धरायचं. थकले आहे फार. पण तेरा जणांना खरं सांगून शेठना सांगितलेलं खोटं फिटत नाही, हे मला कळतं.

दवाखान्यातला शेवटचा आठवडा मला दिसतो. सासूबाई तुमच्या खाटेशी बसून गोधडीचा टाका घालत होत्या आणि त्यांना सुईत दोरा ओवता येईना. तुम्ही पडल्या पडल्या हात पुढे केलात. खिडकीकडे सुई धरलीत आणि एका झटक्यात दोरा आरपार. मग माझ्याकडे पाहिलंत. तेव्हा खोलीत आपण तिघंच होतो, बोलायला चांगली जागा होती. मी तुमच्या पायावरची चादर सारखी केली.

हा कागद टेस्ट लॅम्पच्या खणात ठेवीन. देवळीला जायला वर्ध्याला बस बदलावी लागते, दोन तास मोडतात. गुडघ्याचं कारण सांगून तीन सोमवार गेले. दुकान सोमवारी बंदच असतं, म्हणजे गिऱ्हाइकाचंही कारण नाही. शेठना जाऊन एवढंच सांगायचं आहे की आमच्या मामाजींची नजर शेवटपर्यंत चांगली होती, तेव्हाचीही चूक माझी होती आणि आताचीही. अजून गेले नाही.