दहापैकी तीन

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान पकडते. पोटाच्या डाव्या बाजूचं दुखणं काही हटत नाही. कारखान्यात कॉलर शिवताना पायडल दाबलं की कळ थेट पाठीत जाते. मुकादमबाईंनी दोनदा विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. परवा यांच्यासोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, दहापैकी किती दुखतं? मी तीन म्हटलं. आठ म्हणायला जीभच उचलेना, नाटकी वाटलं असतं. त्यांनी तीन लिहून घेतलं, झोपेच्या गोळ्या दिल्या आणि यांना म्हणाले, बायका मनाला फार लावून घेतात. ताई, मला आता बसवतही नाही गं. कुणाला सांगू?

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठकी

दि. ९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

वेडाबाई, तीन म्हणालीस ना, मग तीनच असेल. आपली आई आठव. दादा झाला त्याच संध्याकाळी ती स्वयंपाकाला उभी होती म्हणे. आणि पुढे त्याच दादाची दाढ दुखली तर घरातला रेडिओसुद्धा बंद! आपल्याला मात्र ठेच लागली तरी आई म्हणायची, मुलीच्या जातीनं असं विव्हळू नये, शेजारी ऐकतात. त्यानंच आपण खंबीर झालो. शाळेत मीही मुलींना हेच शिकवते. गरम पाण्याची पिशवी घे, चार दिवस रजा काढ. निभेल सगळं.

माया आहे तशीच असू दे.
ताई

दि. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मंगळवारी मशीनवरच कोसळले. मुकादमबाईंनी इस्पितळात आणलं. आतली गाठ फुटून पू पसरला होता. दोन्ही अंडाशयं काढावी लागली. ताई, मला आता मूल होणार नाही.

इथले डॉक्टर रागावले, एवढी कळ घेऊन शिवत कशी बसलीस म्हणून. हे विचारतात, ओरडली का नाहीस? काय सांगू यांना? मला ओरडताच येत नाही. भूल उतरतानाही मी ओठ आवळून होते, असं नर्स म्हणाली.

तुझं पत्र उशाशी आहे. पुन्हा वाचवत नाही.
ठकी

दि. २६ मार्च

चि. ठकी,

आशीर्वाद कुठल्या तोंडानं लिहू? तुझं हे असं झालं त्यात आईचा वाटा असेल, डॉक्टरांचा असेल, पण माझाही आहे. मला माफ करू नकोस.

एक सांगायचं राहिलंय. वर्ष होत आलं, माझ्या छातीत गाठ आहे. काखेपर्यंत ठणकते. घरात कुणाला ठाऊक नाही. तुझं पत्र वाचून काल इस्पितळात गेले, दोन तास रांगेत बसले. मागचे गृहस्थ हात दाबून कण्हू लागले, सगळे धावले. मी त्यांना माझा नंबर दिला आणि घरी निघून आले.

उद्या पुन्हा जाते. तिथे तोंड उघडेल की नाही, देव जाणे. म्हणून आधी तुलाच सांगते.

दुखतंय गं. फार दुखतंय.

ताई