धामणीला दिलेला शब्द

अण्णा,

उत्तर तुम्हालाच ठाऊक नसलेला प्रश्न तुम्ही मला आयुष्यात एकदाच विचारलात. बाकीच्या सगळ्या तपासण्या होत्या. दोरी कुठे ठेवलीस, ही गाठ कुणी मारली, काठ्या उन्हात कुणी टाकल्या. त्या दिवशी तुम्ही देवासच्या घराच्या मागच्या अंगणात धामणीच्या झाडाच्या काठ्या सोलत बसला होतात आणि मी कॉलेजच्या सुट्टीत इंदूरहून आले होते. नवीन शिकलेलं कुणाला तरी सांगायचं म्हणून तुम्हाला सांगत होते, की झाड बुंध्याशी कापलं तरी मरत नाही, कारण सालीखाली कळ्या झोपलेल्या असतात आणि वरचं खोड गेलं की त्या जाग्या होतात. तुमचा हात थांबला. "झोपलेल्या?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "हो, सुप्त कळ्या म्हणतात त्यांना." तुम्ही हातातल्या काठीची साल नखाने उचकटून पाहिलीत. मग म्हणालात, "आणि कुणी कापायला आलंच नाही तर? किती वर्षं वाट बघतात त्या?" मी म्हटलं, "पुस्तकात दिलेलं नाही." तुम्ही नुसतं "हं" केलंत आणि पुन्हा सोलायला लागलात. त्याचं उत्तर आता माझ्यापाशी आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

आपण फरास. देवासच्या दरबाराचे डेरे आणि कनाती उभारायला आलेलं घराणं. दरबार गेले, फरासखाने गेले, आणि तुमच्या वाट्याला लग्नाचे मांडव उरले. ते तुम्ही पोटासाठी केलेत, पण गोल डेरा सोडला नाहीत. आजोबांच्याही आधी कुणीतरी तो उत्तरेकडून आलेल्या एका लवाजम्यात पाहिला आणि आपल्या हाताखाली आणला, एवढंच तुम्ही सांगायचात. बारीक काठ्यांची जाळी, प्रत्येक फुलीवर चामड्याची वादी. ओढली की भिंत होते, दाबली की काखेत मावेल एवढी मोळी. वर वाकवलेले वासे आणि सगळ्यांना धरून ठेवणारं माथ्यावरचं चाक. एक खिळा नाही. त्याला लागणाऱ्या सरळ, एकसारख्या काठ्या बाजारात मिळत नाहीत आणि झाडाच्या फांद्यांतूनही निघत नाहीत. त्या फक्त कापलेल्या खुंटातून मिळतात, जिथे धुमारे एकमेकांशी चढाओढ करत सरळ उजेडाकडे जातात. त्यासाठी आपली धामणवाडी होती, धार जिल्ह्यात, डहीकडे उतरणाऱ्या डोंगराच्या कुशीत. दर माघात एक पट्टा कापायचा आणि बाकीचे वाढू द्यायचे. शेवटचा पट्टा कापून होईतो पहिला पुन्हा तयार.

चाक वाकवायचा दिवस घरात सगळ्यांनाच नकोसा असायचा. मी सात-आठ वर्षांची आहे. तुम्ही न्हाणीतल्या बंबाच्या तोंडावर पत्र्याची लांब नळी बसवली आहे आणि नळीत जाड काठी वाफेवर ठेवली आहे. शेजारच्या स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटते आहे आणि तिथूनच ऐकवते आहे, "घरातली माणसं पारोशी बसलीत आणि बंबात लाकूड न्हातंय!" तुम्ही मान न वळवता म्हणता, "तू उद्या न्हा. हे आज वाकलं नाही तर उद्या वाकणार नाही." "उद्या एकादशी आहे." "मग परवा." काठी बाहेर येते, तुमच्या हातांना गोणपाट गुंडाळलेलं आहे, दुसरं टोक माझ्याकडे आहे. "आता. धर. चेहरा वाकडा करू नकोस, काठी वाकव." वाकलेल्या लाकडाचा तो ओला, कडवट वास पोळ्यांच्या वासात मिसळून अख्ख्या घरात भरतो. रात्री आई माझ्या तळहातांना तूप लावते. तुमच्याही लावते, पण तुमच्याशी बोलत नाही.

धामणवाडीत तुमची एक रीत होती. जे झाड उद्या कापायचं, त्याच्याकडे आदल्या संध्याकाळी अनवाणी जायचं, बुंध्याशी तांदूळ-कुंकू ठेवायचं, खोडावर तळहात टेकवायचा आणि म्हणायचं, "उद्या येतो." मी विचारलं होतं, "माफी मागता का त्याची?" तुम्हाला राग आला. "माफी कसली? आपण काय त्याचा जीव घेतोय? कुणाच्या घरी जायचं तर आगाऊ सांगतो ना आपण, तसं सांगायचं. आणि सांगितलं की जायचं." विहिरीजवळ एक झाड होतं, चाकाच्या जाड काठीसाठी तुम्ही त्याला जास्त वर्षं ठेवलं होतं. त्याच्या बेचक्यात मी बसायची. त्याची पाळी आली त्या सकाळी मी खोडाला मिठी मारली आणि सोडेना. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "रडून झाड वाचत नसतं. हो बाजूला." मी झाले नाही. तुम्ही कुऱ्हाड खाली ठेवलीत आणि तेव्हाच्या म्हाताऱ्या रखवालदाराला म्हणालात, "इसको रहने दे."  परतताना धारच्या स्टँडवर मला चहाबरोबरचा अर्धा पाव दिलात आणि म्हणालात, "त्याला मी काल सांगून आलो होतो. आज गेलो नाही. असं आपल्यात करत नाहीत."

मी कॉलेजात असताना वादळात तेच झाड पडलं. जुन्या घावातून वाळवी शिरून बुंधा पोकळ झाला होता. त्याच्या बरोबरीचे, दर फेरीला कापले गेलेले खुंट तसेच होते, हिरवेगार. तुम्ही मला तिथे नेऊन उभं केलंत. पडलेल्या खोडाच्या पोकळीत हात घालून मूठभर भुसा काढलात, माझ्या तळहातावर ठेवलात आणि पुढे चालायला लागलात. मी पुढे शाळेत अडतीस वर्षं मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण तेवढा कडक धडा मला कधी घेता आला नाही. मुली मला घाबरायच्या, ते वेगळं. पदवी मिळाली तेव्हा मैत्रिणींना वडिलांनी घड्याळं दिली. तुम्ही मला कोयता दिलात. माझ्या हाताच्या मापाने मूठ घडवलेला, धामणीचीच मूठ. मी दोन दिवस धुसफुसत होते. आईने तो तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला, "लग्नात आंदण देऊ," म्हणाली. चेष्टाच होती ती.

त्यानंतरच्या माघात तुम्ही एकटेच गेलात. नवा रखवालदार तेव्हा विशीतला होता, त्याने मागाहून सांगितलं ते असं: शेवटचा पट्टा होत आला होता, एकच झाड उरलं होतं, टेकाडाच्या कडेचं. संध्याकाळ झाली होती. तुम्ही तांदूळ ठेवलेत, हात टेकवलात, "उद्या येतो" म्हणालात आणि झोपडीत जाऊन आडवे झालात. सकाळी उठला नाहीत. तुम्हाला जीपमध्ये घालून देवासला आणलं. ते झाड राहिलं. त्याच्यामागे सगळी वाडीच राहिली. मांडवांना लोखंडी पाइप आले, आपल्या धाकट्याने पीथमपुरात नोकरी धरली, मी शाळा. चाळीस वर्षं होत आली. धामणी वाढत वाढत झाडं झाली. धाकटा मुलाबाळांना घेऊन तिथे दालबाफल्यांचं जेवण करायला जायचा आणि म्हणायचा, "काय गारवा आहे ताई! अण्णांनी केवढं करून ठेवलंय."

मी निवृत्त झाले त्या वर्षी तुमचा शेवटचा डेरा माळ्यावरून काढला. त्यावर घालायच्या घोंगड्या कसरीने खाल्ल्या होत्या, वाद्या कडक झाल्या होत्या. त्यांना तेल पाजलं, आठ दिवस थांबले आणि मग जाळी ओढली. अण्णा, ती कुरकुरली आणि उघडली. एक काठी मोडली नाही. मी तो अंगणात उभा केला आणि शेजाऱ्यांनी फोटो काढून कुणाकुणाला पाठवले. त्यातून एक तरुण आला, मांडूकडे पर्यटकांसाठी तंबू लावतो. "आंटी, ये तो यर्ट है! ऑथेंटिक!" मी म्हटलं, "जे काय असेल ते असेल, आमच्यात याला डेरा म्हणतात. आणि बूट काढून आत ये." त्याला तसे सहा हवे होते, ऑक्टोबरपर्यंत. मी सांगितलं, लाकूड अजून उगवायचं आहे, चार-पाच वर्षं लागतील. तो हसला. मी हसले नाही तेव्हा त्याने विचारलं, "पाइप से नहीं बनेगा?" मी म्हटलं, "बनेगा. किसी और से बनवा लो." गेला बिचारा. पण माझ्या तोंडून निघून गेलं होतं, लाकूड उगवायचं आहे. त्याला आधी कापायला हवं होतं.

इतकी वर्षं न कापलेला खुंट पुन्हा फुटेलच असं कुणी सांगू शकत नव्हतं. जाड झालेली साल, आतल्या कळ्या जिवंत आहेत की मेल्या, हे बाहेरून कळत नाही. कापलं आणि फुटलं नाही, तर चार पिढ्यांनी राखलेली वाडी माझ्या हातून संपणार होती. नाही कापलं तर विहिरीजवळच्या झाडासारखी एकेक पोकळ होऊन पडणार होती, सावली देत देत. धाकटा फोनवर चिडला. "तू शाळेत झाडं लावा म्हणून शिकवायचीस ना? आता या वयात जंगल तोडायला निघालीस?" मी म्हटलं, "जंगल नाही, वाडी आहे. आणि वयाचं तू बोलू नकोस, तुला जिना चढवत नाही." रीतसर परवानगी काढली आणि माघात गेले. रखवालदार आता माझ्याहून म्हातारा दिसतो. पहिल्या पट्ट्यातली पाच झाडं जमिनीलगत पडली, तिरका घाव, साल न फाटता, तेव्हा तो खुंटावर हात फिरवत म्हणाला, "बेनजी, अब कंई नी फूटे. बूढ़े हो गए ये." मी म्हटलं, "हम भी तो हो गए. कुंपण घाल, बकऱ्या येतील." आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला तांदूळ ठेवून सांगितलं होतं. वनस्पतिशास्त्राची बाई अनवाणी झाडाशी बोलते, हे पाहून तो हसेल असं वाटलं होतं. त्याने चपला काढल्या आणि माझ्यामागे उभा राहिला.

फाल्गुन गेला. चैत्रात बाकीच्या डोंगरावर पालवी आली. आपले खुंट राखाडीच. मी दर पंधरवड्याला देवासहून बस बदलत बदलत जायची, बसायची, परत यायची. धाकट्याने विचारणं बंद केलं, ते जास्त लागलं. मला तुमचा आवाज ऐकू यायचा, "रडून झाड वाचत नसतं." मी रडत नव्हते, पण कोयता घेऊन नुसतीच कुंपणाच्या आत फिरायची आणि गवत कापायची, जे कापायची काही गरज नव्हती. मग वैशाखातल्या एका रखरखीत दुपारी रखवालदाराने लांबूनच हाक मारली. "बेनजी! आँख खुली!" मी गुडघ्यावर बसले. साल आतून फाटली होती, आणि फटीत तांबूस, लवदार, करंगळीच्या नखाएवढा कोंब. त्याच्या शेजारी आणखी एक. पलीकडच्या खुंटावर तीन. पाचांतला एक गेला, त्याला अजूनही काही नाही. बाकी चारांना आता हातभर धुमारे आहेत, सरळ, एकमेकांना ढकलत वर जाणारे. तर अण्णा, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चाळीस वर्षंही वाट बघतात. सगळ्या नाही, पण बघतात. धाकट्याला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, म्हणाला, "पुढच्या माघात मला सांग, रजा टाकतो." मी म्हटलं, "आधी जिना चढून दाखव."

आता राहिलेलं. टेकाडाच्या कडेचं ते एक झाड, तुमचं, ते पहिल्या पट्ट्यालाच लागून आहे. पाचांबरोबर मी त्यालाही तांदूळ ठेवले होते. तळहात टेकवला आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, "उद्या येते." दुसऱ्या दिवशी पाच झाडं कापून झाली, उजेड होता, हातात बळ होतं, रखवालदार कुऱ्हाड घेऊन उभा होता. मी म्हटलं, "इसको रहने दे." त्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. घरी सगळ्यांना सांगितलं की बियांसाठी एक ठेवलंय, आणि ते पटण्यासारखं आहे. पण बियांसाठी इतर झाडं आहेत. त्या झाडाचं काय होणार ते मला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलेला भुसा मी विसरलेले नाही. फक्त त्याला तुम्ही उद्या येतो म्हणून सांगितलं होतं, आणि मी ते कापलं असतं तर तुमचं ते उद्याचं येणंही संपलं असतं. सांगून जायचं नाही, असं आपल्यात करत नाहीत. मी केलं.