पिवळ्या ठिपक्याचा खडा

प्रिय खारूताई,

सगळ्यात आधी हे वाच म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मी बरा आहे, घर बरं आहे, आणि समोरच्या शिंपीणकाकूंच्या मनगटाला नुसती पट्टी बांधली आहे, हाड मोडलेलं नाही. मनगट कशानं दुखावलं ते पुढे सांगतो. फोनवर सांगता आलं असतं, पण आपला फोन म्हणजे जेवलात का आणि औषध घेतलंत का. दोन प्रश्न, दोन हो, की संपलं. दीड वर्ष आपण तेवढ्यावरच भागवतोय. म्हणून आज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी वही घेऊन बसलोय. टेबलावरचा रेझिनचा डाग अजून तसाच आहे, तू चाकूनं खरवडायला गेली होतीस तो.

खड्यांची गोष्ट तुला पाठ आहे, तरी मला एकदा सुरुवातीपासून सांगू दे. मधूनच सुरू केली तर मी सोयीचं तेवढंच सांगेन, माझा स्वभाव तुला माहीत आहे. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा राहिलो. केसाइतका फरक पडला तरी तुकडा बाजूला टाकायचो. निवृत्त झालो त्या आठवड्यात कुणीतरी ते ऑर्गोनाइटचं पुस्तक हातात ठेवलं. रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रवात, धातूचा कीस घालायचा, मध्ये एक स्फटिक, त्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी. असा खडा पाण्यात टाकला की पाण्यातलं वाईट निघून जातं, आणि हिंस्र जनावर त्याच्या आसपास फिरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण धातूचा कीस म्हटल्यावर मी पाघळलो. आयुष्यभर पायाशी साठलेला आणि झाडून टाकलेला तो चमचमता कीस कशाच्या तरी कामाचा आहे, हे ऐकायला मी जणू थांबलोच होतो.

आणि तेव्हा तुझी आई खिडकीशी बसायला लागली होती. तुला ती आधीची आठवते का गं, पाण्यातली? मला ती अजून तशीच दिसते, जागेपणीसुद्धा. नदीच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून केस घट्ट बांधणार, एकदा मागे वळून माझ्याकडे बघणार, आणि आवाज न करता आत शिरणार. मला पोहता येत नाही, त्यामुळे मी काठावर चपला सांभाळायला. पलीकडच्या काठावर ती बाहेर यायची तेव्हा बोटाएवढी दिसायची, आणि हात हलवायची. तुला तिनं तिथंच शिकवलं, पोटाखाली एक हात धरून. मग वरच्या बाजूनं फेस यायला लागला, पाण्याला वास यायला लागला, आणि मागोमाग मगरी आल्या. एक दिवस तिनं पोहायचा पोशाख धुऊन, घडी घालून ठेवला, तो पुन्हा उघडला नाही. पुढे हृदयानं दगा दिला आणि डॉक्टरांनी जिनेच बंद केले. त्या दिवशी मी तिला म्हणालो की तुझी नदी तुला परत आणून देतो. बायकोला असलं काही बोलून बसलं की माघार घेता येत नाही.

पहिले खडे तिच्याच केकच्या साच्यांत ओतले. बारा खळग्यांचा तो साचा. एका घाण्याचे बारा खडे. ओतून झालं की रात्रभर हात लावायचा नाही, सकाळी उन्हात धरायचे. ती वेळ मला फार आवडायची. आत कीस तरंगत थिजलेला असायचा, तार सोनेरी दिसायची, आणि मधला स्फटिक जणू आतून जागा असायचा. तुझी आई एकेक हातात घेऊन म्हणायची की दिसायला छान झालेत, फक्त पाहुण्यांना देऊ नका, दात पडतील. मग मी पिशवी घेऊन नावाड्याकडे जायचो. तो मधल्या धारेत नाव थांबवायचा, मी एकेक सोडायचो. खाली जाताना हिरव्या पाण्यात थोडा वेळ तुकडा उजळत राहायचा, मग दिसेनासा व्हायचा. परत आल्यावर मी तिला रोज सांगायचो की आज पाणी जरा निवळ वाटलं. एकदा तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पाणी तसंच आहे हो. पण रोज जाऊन नदीकडे बघणारं तुमच्याशिवाय आहे कोण? जात जा." हे मी तुला कधी सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं, हे कबूल करायला नको होतं मला.

ती गेली. मी मात्र ओतत राहिलो. हात थांबवले की घर फार मोठं वाटायचं.

आणि मग ते वर्ष आलं, मगरी न दिसण्याचं. संपूर्ण वर्ष, आणि पुढेही, पायऱ्यांशी एकही मगर नाही. तू सांगितलं होतंस की पाणी उतरलंय, मासे खालच्या वळणाकडे गेलेत, त्यांच्यामागे मगरीही गेल्यात. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. कारण लोक माझ्याकडे बघून हसायला लागले होते, चांगलं हसायला. खडेवाले बाबा म्हणायला लागले. ज्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं तिथे पुन्हा पावलं उमटायला लागली. घोट्याएवढ्या पाण्यात, मग गुडघ्याएवढ्या, मग कमरेएवढ्या. खोटं कशाला बोलू, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

तू तुझ्या खात्यातर्फे नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायला आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. तुझ्या बाटल्यांची ती निळी पेटी, हातमोजे, बाटलीवर चिठ्ठी लावायची तुझी सवय. मी नुकतेच ओतलेले खडे लोकांना दाखवत होतो. तू बाटली भरलीस, झाकण लावलंस, आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबा, हा प्लॅस्टिकचा कचरा आहे. यानं पाणी सुधारत नाही आणि मगर थांबत नाही." आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मला बरं पडलं असतं, रागावता तरी आलं असतं. मी तुझ्याशी त्या दोन प्रश्नांपलीकडे बोलणं टाकलं. तेव्हापासून तू नमुने पायऱ्यांवरून घेत नाहीस, वरच्या पुलावरून दोरीनं बाटली सोडतेस. मला ते खिडकीतून दिसतं. दर तीन महिन्यांनी मी खिडकीशी उभा असतो, तुझ्या आईच्याच जागी.

आता शिंपीणकाकूंचं. शिवायच्या आधी अस्तराचं कापड पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात कपडा आक्रसतो. घरातला नळ त्या दिवशी कोरडा होता. मंगळवारी सकाळी काकू अस्तराचं लांबलचक कापड घेऊन खाली उतरल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. मी वर होतो. कापड पाण्यावर पसरलं होतं, मऊ, पांढरं, एखादी वाट आखावी तसं नदीच्या आत आत जाणारं. मी बघत राहिलो, इतकं ते सुंदर दिसत होतं. मग त्याचं टोक खाली गेलं. आधी टोक, मग मधला भाग, काही घाई नसल्यासारखा. मग एकदम हिसका बसला, काकूंचं मनगट मुरगळलं. काकूंनी कापड सोडलं म्हणून त्या आज घरी आहेत. मी पायऱ्या कशा उतरलो आठवत नाही. त्यांना ओढून वर काढलं तेव्हा मगर पाण्यावर आली, दातांत कापड घेऊन, मी सोडलेल्या खड्यांच्या अगदी वर. निवांत होती.

काकूंना पायरीवर टेकवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुमच्या खड्यांचा दोष नाही हो बाबा. माझाच विश्वास कमी पडला असेल." खारूताई, मला आयुष्यात कुणी शिव्या दिल्या, साहेबांनी अपमान केला, पण असं कधी लागलं नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसलो आणि रडलो. त्यांना वाटलं मी घाबरलो.

तेव्हापासून रोज उजाडताच मी स्टूल घेऊन पायऱ्यांवर बसतो. हातात काठी. येईल त्याला सांगतो की खाली उतरू नका, खड्यांत काही नाही, मी चुकलो. आणि काय होतं माहीत आहे? लोक हसतात. म्हणतात, बाबांना मोठेपणा नको असतो. काल दोघीजणी माझ्या बाजूनं सरळ खाली उतरल्या, बाबा स्वतः बसलेत म्हटल्यावर भीती कशाची, असं म्हणत. काठी आडवी धरून त्यांना अडवावं लागलं. नावाडी तेवढा माझं खरं मानतो, पण त्याचं कोण ऐकतं? मी बसलो की लोक निर्धास्त होतात आणि मी उठलो की त्यांना कुणी अडवत नाही. साच्यात आपणच ओतलेलं, खारूताई, आतून घट्ट झालंय, आता हातानं निघत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. सोबतच्या डबीत एक खडा आहे, शेवटच्या घाण्यातला, नदीत न टाकलेला एकटाच. उन्हात धरून बघ. किसाच्या मधोमध पिवळा ठिपका दिसेल. तो तुझा रंग आहे. नोकरी लागल्यावर सुट्टीच्या दिवशी आपल्या दारापुढच्या ओट्यावर बसून तू पायऱ्यांशी लावायचा, मगरींपासून सावध करणारा तो फलक स्वतः रंगवला होतास, पिवळ्यावर काळी अक्षरं, आईनं ब्रश धुऊन दिले होते. तो पुरानं नेला असं मी तुला सांगितलं. पुरानं नाही नेला. पुरात खांब कलला, पत्रा मी दुरुस्तीला घरी आणला, आणि कारखाना बंद झाल्यानं माझा कीस संपला होता. वर्षभर मगर दिसली नव्हती. मला वाटलं, आता याची गरज काय. कात्रीनं कापला, बारीक केला, आणि बारा खळग्यांत ओतला. अकरा नदीत आहेत. तू नव्या फलकासाठी अर्ज करत राहिलीस, तुझे साहेब म्हणत राहिले की कागदावर तर तिथे फलक आहे, आणि मी पुराचंच सांगत राहिलो. आज मी नवा पत्रा कापलाय, कडा घासल्यात, चार भोकं पाडलीत, या वेळी माप दोनदा घेतलं. खांबाचा खड्डा खणून ठेवलाय. अक्षरं तुझ्या हातची हवीत. रविवारी सकाळी ये, निळी पेटी घेऊन, पुलावर न थांबता सरळ पायऱ्यांवर ये. मी सगळ्यांना बोलावलंय. त्या दिवशी जे म्हणाली होतीस तेच पुन्हा म्हण, शब्द न बदलता, मला न सांभाळता. या वेळी मी तुझ्या शेजारी उभा असेन, आणि तुझं बोलून झालं की सगळ्यांसमोर म्हणेन की माझी मुलगी खरं बोलते आहे.

वाट बघणारा, तुझाच,
बाबा