सायलेन्सरची नळी परत बसवली आहे

चिमणे,

सायलेन्सरमधली जाळीची नळी काढून तुला दोन गोष्टी मिळणार होत्या, भारदस्त आवाज आणि जास्त पिकअप. आवाज मिळाला. पिकअप उलट घटला, कारण कार्बोरेटरची सेटिंग न बदलता नळी काढली की गाडी चढावर दमते. मेकॅनिकच्या लेकीला हे मी सांगायचं?

खरा फायदा माझा झाला. कानातलं यंत्र न लावताही तू कोपऱ्यावर वळलीस की मला कळायचं. लगेच चहाचं आधण ठेवायचो. तुला वाटायचं, बाबा घड्याळ बघून बसतात.

पण त्याच आवाजाने वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ रोज दचकून उठतं. त्याची आई सकाळी दाराशी आली. भांडली असती तर मीही भांडलो असतो, पण ती नुसती रडली. म्हणून दुपारी नळी परत बसवली. चढावर नेऊन पाहिली, झकास ओढते.

उसना आणलेला पाना परत द्यायला गेलोय. उद्यापासून बेल वाजवत बसू नकोस. किल्लीने आत ये, माझ्या खांद्यावर हात ठेव. चहा मग टाकेन.

तुला पिकअप परत मिळाला, बाळाला झोप मिळाली. किंमत मोजली ती माझ्या कानांनी.

बाबा