आपल्या गल्लीतली जळकी वाळू

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली, तरी आज चिडूनच लिहायला बसलेय. तुमच्यामुळं आपल्या गल्लीत झाडं जगेनात. आता काय करू, सांगा?

उद्यमनगरातली आपली गल्ली तुम्ही ओळखणार नाही. लोखंड ओतायच्या फौंड्र्या शिरोलीला गेल्या, आपलीही मी तिकडंच हलवली. मग ठरलं, इथं गाड्या बंद करायच्या, झाडं लावायची, बाकडी आणि चालायला सलग फरशी. त्यासाठी सह्या गोळा करत मी दारोदार हिंडले. आईसाठी, दुसरं कुणासाठी? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलंय, आणि भरधाव दुचाकींच्या भीतीनं ती उंबरा ओलांडत नाही.

झाडं लावली, वाळली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. महापालिकेचा ठेकेदार म्हणाला, "ताई, हितं काय उगवत न्हाय. पार्किंग करून टाकू की." सह्या केलेले शेजारीसुद्धा लगेच व्हय म्हणाले.

मी माळ्याला घेऊन खड्डा उकरला. वीतभर मातीखाली काय निघालं? साच्यांतली जळकी वाळू, कंबरभर!

दर शनिवारी भट्टी थंड झाली की गाडा भरून तुम्हीच ओतायचात ना ती? वर फावड्यानं सारखी करायचात आणि फुशारकीनं म्हणायचात, "रस्ता काय सरकारच करतंय व्हय?" वाळू लांब न्यायचा कंटाळा, दुसरं काय! महिनाभर मी तुम्हाला शिव्या घातल्या.

ठेकेदाराच्या हातापाया पडून एक संधी मिळवली. आपल्या दारातला खड्डा खोल खणायचा, वाळू काढून काळी माती भरायची. ते झाड जगलं तर बाकीची, नाहीतर पार्किंग. काल मजूर आले आणि आईच आडवी आली. वॉकर टेकत नेमकी त्या जागेवर उभी.

"ह्येंची वाळू हाय ती. हलवायची न्हाय."

"आई, तुझ्याच चालण्यासाठी मरमर करतेय मी, आणि तूच?"

"त्येबी माझ्यासाठीच टाकत हुते."

मग सांगितलं तिनं. मी पोटात असताना तुमचा डबा घेऊन येताना ती या गल्लीतल्या चिखलात घसरून पडली. त्या शनिवारपासून तुम्ही वाळू टाकायला लागलात, घरापासून भट्टीच्या दारापर्यंत.

एवढी वर्षं हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला? रस्त्याची बढाई मारलीत, आणि हे एका शब्दानं बोलला नाहीत. मला लाज वाटली, आबा. आणि रागही आला, अजून आहे.

मजूर ताटकळले, ठेकेदार घड्याळ बघत राहिला. मी आईला खुर्ची आणून दिली. ती बसली. वॉकर त्या जागेवरून बाजूला सरकवत मजुरांना म्हणाली, "खणा. मला चालता यावं म्हणून टाकली हुती. आता त्यासाठीच काढायची."

आज करंजाचं रोप लावलं. संध्याकाळी बघते तर आई चपला घालून दारात. कुठं निघालीस, विचारलं. म्हणाली, "जुन्या भट्टीपातूर जाऊन येतो." मी हात पुढं केला, तिनं घेतला नाही.

ते झाड मी जगवीन आणि तिला रोज तेवढं चालवीन, हा माझा शब्द. पण तुमच्यासारखं गुपचूप नाही. कुणासाठी चाललंय, ते अख्ख्या गल्लीला सांगून.

तुमची,
सुनंदा