बाबांच्या सेटमधला रिकामा रकाना

१० मार्च २०२५, सोमवार

हेमराजभाऊ बाबांचा वॉकीटॉकी देऊन गेले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून! बाबा कामाला होते त्या कापसाच्या जिनिंगचा सुपरवायझर माणूस, एरवी दारातूनच ओरडतो. आज बसून राहिले, चहा निवून गेला. म्हणाले, "शुक्रवारी दुपारी गेटवरून तीनदा हाक मारली. बापूराव बोललेच नाई. म्हटलं, येतीन पायी. हप्ताभर तसंच करून राह्यले होते – हाक देली का सेटवर बोलाचं नाई, चालत गेटवर याचं."

म्हणून कोणी बघायला गेलंच नाही. बाबा कापसाच्या गंजीमागे अर्धा तास पडून होते; सापडले तेव्हा गेलेले. हातात सेट, बोट बटणावर.

बटण दाबलं होतं, तर ऐकू का गेलं नाही? आणि घरी ज्यांची टकळी थांबायची नाही, ते सेटवर गप्प?

सेट मीच दिलेला. जिनिंगचे सगळे सेट मीच बघते. आयटीआयनंतरचं माझं पहिलं मोठं काम, तेही बाबांच्या शब्दावर मिळालेलं.

११ मार्च

सेट उघडला नाही. खोटं कशाला लिहू – भीती वाटते.

१२ मार्च

उघडला. नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

त्या चॅनेलवर आजूबाजूच्या गोडाऊनची, ट्रकवाल्यांची बडबड चालते. ती गेटवर नको म्हणून जिनिंगच्या सेटांना मी डिजिटल कोड दिला – ०२३. बोलणाऱ्याच्या आवाजाखालून तो जातो, कानाला कळत नाही. ऐकणाऱ्या सेटने ओळखला तरच स्पीकर उघडतो. नाहीतर सेट मुका. ऐकायचा कोड एका रकान्यात भरायचा, पाठवायचा दुसऱ्या.

बाबांच्या सेटचं बटण दाबून डिकोडरवर धरलं. आवाज स्वच्छ आला. कोडच्या जागी काही नाही. तीनदा पाहिलं. मग केबल लावून कॉम्प्युटरवर पाहिलं. पाठवायचा रकाना रिकामा.

बाबांना सगळ्यांचं ऐकू येत होतं. बाबांचं गेटवर कोणालाच नाही. माझ्या हाताने!

१३ मार्च

तपासलं नव्हतं का? तपासलं होतं ना! २ तारखेला, रविवारी, याच टेबलावर. जुन्या सेटचं बटण गेलं म्हणून त्यांना नवा भरून दिला. तपासताना एकाने सेट घेऊन रस्त्यापलीकडे जायचं, हे मला शिकवलेलं आहे. पण बाबा जेवून बसले होते. गुडघे दुखत होते. म्हटलं, बसा इथेच.

"जागृती मॅडम, बापूराव बोलून राह्यलो, ओव्हर!"

मी हसले आणि वहीत बरोबरची खूण केली. जे ऐकलं ते समोरच्या खुर्चीतून. माझ्या हातातल्या सेटमधून काही आलंच नव्हतं.

दाराबाहेर पाठवलं असतं तरी कळलं असतं.

१५ मार्च

बाबांसाठीचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला. रोहणा गावची आत्या आली होती. जो तो म्हणे, "त्रास नाई झाला, हेच चांगलं." सगळे गेल्यावर आईने विचारलं, "त्यायनं हाक मारली असन का वं कोणाले?" मी भांडी आवरायला उठले.

१७ मार्च

हेमराजभाऊंना सांगितलं. सगळं. म्हणाले, "बाकीचे सेट आता दुसऱ्याकडं देतो, जागृती. मालकाले काय सांगू मी?" बरोबरच आहे त्यांचं.

आईलाही सांगितलं. रडली नाही. सांगून टाकलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. काही नाही वाटलं.

१८ मार्च

सेट दुरुस्तीचं दुकान उघडलं नाही.

१९ मार्च

चिंधूभाऊ आले होते, जिनिंगशेजारच्या गोडाऊनचे ड्रायव्हर. त्यांच्या सेटला कोड नाही, म्हणून त्यांना सगळ्यांचंच ऐकू येतं. त्या शुक्रवारी ते माल घेऊन जाम गावाला गेले होते. दारातच उभं राहून सांगितलं –

"त्याच हप्त्यातल्या सोमवारी मी काकाले जाऊन म्हटलं होतं, तुमचं मले ऐकू येते, गेटले नाई. हेमराजले सांगा. त माहा हातच धरला त्यायनं. म्हणे, बोलजो नको कोणाले. पोरीच्या हातचं काम जाईन. तिलेही सांगजो नको, झोपनार नाई ते. रविवारी सेट घरी नेतो, गंमतीगंमतीत तिच्याकडूनच करून घेतो. तोवर हाक आली का जातो मी चालत."

गुडघे दुखत होते त्यांचे.